कड्यावरची पडशी

आपल्या मराठीत पिशवीला किती नावं आहेत! न्हाव्याची धोपटी, वाटसरूची पडशी, फकिराची झोळी, आजीचा बटवा, पानसुपारीची चंची, शाळकरी पोराचं दप्तर. नाव घेतलं की मागोमाग माणूस उभा राहतो. याचं कारण उघड आहे, प्रत्येक पिशवी एकेका कामासाठी घडत आलेली आहे. पडशीला दोन अंगांना दोन खण असतात ते खांद्यावर तोल राहावा म्हणून. धोपटीला कप्पे असतात ते वस्तरा न शोधता हाताशी यावा म्हणून. आज ज्या पिशवीबद्दल बोलायचं आहे तिला मात्र मराठी नाव मिळालेलं नाही. सह्याद्रीचे कडे दोराच्या आधारानं चढणारी मुलं-मुली तिला नुसतं ‘सॅक’ म्हणतात.

आता कोराडीत राहणाऱ्या माणसाचा कड्यांशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. आमच्याकडे उंच म्हणावं असं काही असेल तर ती वीज केंद्राची धुराडी. पण माझा एक भाचा पुण्यात नोकरीला आहे आणि सुट्टी मिळाली की तो कुठल्या ना कुठल्या कातळाला लटकलेला असतो. आमचं घराणं मूळचं कामठीच्या विणकरांचं. माग कधीच थांबले, पण कापड बोटांत धरून पाहण्याची खोड गेली नाही. म्हणून त्यानं मला कामाला लावलं, “मामू, सॅक घ्यायची आहे. तुम्ही कापड बघा, बाकीचं मी बघतो.” त्या निमित्तानं जे पाहिलं, विचारलं आणि उलटसुलट करून तपासलं, ते सांगतो.

आधी हे चढणं कसं असतं ते थोडक्यात. कड्याची उंची एका दोरात संपत नाही. पहिला गडी वर जातो, दोर संपत आला की कातळात स्वतःला बांधून घेतो आणि खालच्याला वर घेतो. हा झाला एक टप्पा. तैलबैल्याच्या भिंती, रायगडासमोरचा लिंगाणा, रतनगडाजवळचा बाण सुळका, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, इथे असे टप्प्यांमागून टप्पे असतात. दिवस त्यातच जातो, मोठ्या कड्यावर तर एका दिवसात भागतही नाही. मध्ये ना झरा, ना सावली, ना दुकान. जे पाठीवर आहे तेवढंच तुमचं. आणि पाठीवर जे आहे तेच तुम्हाला मागे ओढत असतं. सगळी पंचाईत या दोन वाक्यांत आहे.

युरोपातल्या पर्वतांवरची पुस्तकं वाचून सॅक घ्यायला गेलं की घोटाळा होतो. तिकडचा गिर्यारोहक भितो थंडीला. त्याच्या पिशवीत जागा लागते ती लोकरी आणि पिसांच्या कपड्यांना, आणि हे कपडे जागा खातात पण वजन करत नाहीत. आपल्याकडे उलट. आपला काळा कातळ डिसेंबरातसुद्धा दुपारी तव्यासारखा तापतो. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला, म्हणजे सकाळी सावली आणि दुपारनंतर संध्याकाळपर्यंत ऊन थेट अंगावर. इथे पिशवी भरते ती पाण्यानं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात कुठल्याही कंपनीला काटछाट करता आलेली नाही. दिवसभराच्या चढाईला माणशी तीन लिटर धरलं तर तीन किलो तिथेच झाले. त्यावर खजूर-चिक्की-दशम्या, डोक्याला बांधायची विजेरी, पातळ जाकीट, मलमपट्टी, आणि उतरताना घालायचे साधे बूट, कारण चढाईचे बूट इतके घट्ट असतात की त्यांत चार पावलं चालणं म्हणजे शिक्षा. हे सगळं १८ ते २० लिटरच्या सॅकमध्ये बसतं. लिटर म्हणजे पिशवीच्या पोटात मावेल तेवढी जागा. पायथ्यापर्यंत दोर बाहेरून, झाकणाखाली बांधून न्यावा. पुढे तो पाठीवर नसतोच.

“मग ३० लिटरची का घेऊ नये? मोकळी राहील,” असं दुकानदार म्हणतो. मोकळी राहत नाही. रिकामी जागा दिसली की माणूस एक स्वेटर कोंबतो, एक डबा कोंबतो, ‘असू दे’ म्हणून आणखी एक काहीतरी. प्रवासाला निघताना आपल्या घरोघरी हेच होतं, फक्त तिथे हमाल मिळतो. शिवाय मोठी सॅक अर्धी भरली की आतलं सामान हलतं, आणि एका पायाच्या अंगठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला पाठीवरची ती एवढीशी हालचालसुद्धा तोल घालवायला पुरते. लहान सॅक घरीच निर्णय घ्यायला लावते, हा तिचा खरा गुण.

दोघांच्या दोराला सॅक एकच असावी, असं जाणते आरोहक सांगतात आणि मला ते पटतं. पुढचा मोकळ्या पाठीनं चढतो. मागच्याला वरून दोराचा आधार असतो, म्हणून ओझं त्याच्याकडे. पण मग पाणी दोघांचं एकाच पिशवीत आलं, म्हणजे पाच-सहा किलो. म्हणून ती पाठीला घट्ट बसणारी, लांबोळकी आणि अरुंद हवी. रुंद असली तर कोपरं मागे घेताना अडतात. उंच असली तर वर पाहताना हेल्मेट तिच्यावर आपटतं, आणि वर पाहता आलं नाही तर पुढची खाच दिसायची कशी? कमरेचा पट्टा काढता येण्याजोगा हवा, कारण कमरेला हार्नेस असतो, त्याच्या कड्यांना सगळी हत्यारं लटकलेली असतात आणि जाड गादीचा पट्टा नेमका त्यांच्यावर बसतो. हे सगळं दुकानातच तपासता येतं. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या सॅकमध्ये घाला, डोक्यावर हेल्मेट चढवा, छताकडे पाहा, दोन्ही हात वर करा, गुडघा छातीपर्यंत उचला. भाच्यानं सीताबर्डीच्या एका दुकानात हा प्रयोग केला तेव्हा गिऱ्हाइकं पांगली, पण तीन सॅक त्या पाच मिनिटांत बाद झाल्या.

आता कापड. पट्टीवर एक आकडा लिहिलेला असतो, २१०, ४२०, ८४०, १००० डेनिअर. पुष्कळ लोक हा दर्जाचा आकडा समजतात. तो फक्त धाग्याच्या जाडीचा अंदाज आहे. नऊ हजार मीटर धाग्याचं जेवढे ग्रॅम वजन भरेल तेवढे डेनिअर. रेशमाच्या व्यापारातलं हे जुनं माप आहे आणि नाव एका जुन्या फ्रेंच नाण्यावरून पडलंय. धागा नायलॉनचा की पॉलिएस्टरचा, वीण घट्ट की विरळ, हे आकडा सांगत नाही. त्याच वजनाचं नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा घासणं अधिक सोसतं. मात्र त्याला उन्हाचं वावडं, वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की ते जीव सोडतं. काही पातळ कापडांत ठरावीक अंतरावर जाड धागा घालून बारीक चौकडी विणलेली दिसते. भोक पडलं तर ते त्या चौकटीपाशी अडावं, पुढे फाटत जाऊ नये, एवढ्यासाठी ती असते. भोक पडूच नये यासाठी तिचा उपयोग नाही, आणि विक्रेते हा फरक सांगत नाहीत.

आणि घासणारा कातळ कोणता, तेही पाहायला हवं. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बसाल्ट. आमच्या नागपूरच्या सीताबर्डीची टेकडी याच दगडाची. या काळ्या चादरीची पूर्वेकडची किनार आमच्याकडे येऊन संपते. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून दगडात पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत स्फटिक भरले. असा थर लागला की कातळ किसणीसारखा खरखरीत होतो. त्यावरून ओढत नेलेली पातळ सॅक एका मोसमात संपते. म्हणून अंगाला ४२० आणि बुडाला ८४० ते १००० डेनिअरचं नायलॉन असावं, बूड दुहेरी असलं तर उत्तम. त्यामुळे रिकाम्या सॅकचं वजन ५००-७०० ग्रॅमवर जाईल. जाऊ द्या. तीनशे ग्रॅमची नाजूक सॅक मिरवायला बरी. बाजूचे जाळीचे खिसे, लोंबणारे पट्टे, इकडेतिकडे शिवलेले फास, हे सगळं कातळात अडकण्याची साधनं आहेत. कात्रीनं कापता येतील ते कापावेत. तोंड दोरीनं आवळायचं किंवा गुंडाळून बंद करायचं असावं. चेन असलीच तर जाड दात्यांची, आणि तिच्यावर ताण येणार नाही अशा जागी. भर कड्यावर रनर निघून आला तर तिथे कोणी चेनवाला बसलेला नसतो.

इतकं कापडपुराण सांगितलं खरं, पण सॅक दगा देते ती बहुधा कापडात नाही. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत भाचा आणि त्याचे दोन सोबती एका लांब कड्यावर होते. तिसऱ्या टप्प्यावर अरुंद घळ लागली. पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला लावून सरकायचं, त्यामुळे पाठीवर सॅक ठेवता येत नाही. त्यांनी ती दोराला बांधून वर ओढायला घेतली. ती एका कंगोऱ्याखाली अडली, वरच्यानं हिसडा दिला, आणि वरचा फास मुळासकट निघून आला. सॅक खाली गेली. तिच्यात चार लिटर पाणी होतं आणि तिघांचे बूट. उरली एकाच्या कमरेला अडकवलेली अर्ध्या लिटरची बाटली. सकाळचे साडेअकरा वाजले होते. माथा अजून पुष्कळ दूर होता, म्हणून त्यांनी दोरानं उतरायचं ठरवलं, आणि ते शहाणपण होतं. पायथ्याशी पोचेपर्यंत तीन वाजले. एकाच्या पोटऱ्यांत गोळे आले होते आणि त्याला उलट्या सुरू झाल्या होत्या. गावातल्या एका घरानं पाणी दिलं, मीठ-साखर दिली, ओसरीवर झोपवलं.

सॅक झुडपात सापडली. ती मी नंतर हातात घेऊन पाहिली. एवढ्या उंचीवरून पडूनही कापडाला भोक नव्हतं! फासाची नवारपट्टी शाबूत होती. उसवली होती ती शिवण. पट्टी कापडाच्या जेमतेम एक सेंटिमीटर दुमडीत खोचून वरून एकच टीप मारलेली होती. एका टिपेवर सहा किलो आणि वर हिसडा.

म्हणून सॅक आधी उलटी करून पाहावी, आतली बाजू बाहेर. कापडाच्या कडा मोकळ्या सुटलेल्या आहेत की फितीनं बांधलेल्या? खांद्याचे पट्टे आणि वरचा फास कुठे शिवलेत? तिथे आडवी-उभी दाट, दोऱ्याचा जाडसर डाग दिसावा अशी टीप हवी, तीही एकापेक्षा अधिक जागी. पट्टी नुसती दुमडीत खोचलेली नसावी, आतून कापडाचा ठिगळासारखा दुसरा तुकडा लावून त्यावर बसवलेली असावी. दोन्ही हातांनी ताणून टाक्यांच्या भोकांतून उजेड दिसतो का पाहावं. सॅक आवडली पण टीप कच्ची वाटली तर चांगल्या मोच्याकडून जाड नायलॉन दोऱ्यानं ती पक्की करून घ्यावी. मात्र कितीही पक्का असला तरी सॅकचा फास सॅकपुरताच. हार्नेस, दोर, कड्या यांची ताकद मोजून तपासलेली असते. सॅकच्या फासाची कोणी हमी घेतलेली नसते, त्यात माणसानं स्वतःला अडकवायचं नाही.

ओढण्याची रीत आमच्या कोराडीत नवी नाही. खांबावर चढणारा लाइनमन हात मोकळे ठेवून आधी वर जातो आणि मग हत्यारांची कॅनव्हासची पिशवी दोरीनं वर घेतो. पण खांब सरळ असतो, पिशवी हवेतून जाते. कड्यावर जिथे पुढे आलेलं पोट आहे तिथे हे जमतं, उताराच्या कातळावर ती जागोजागी अडते. घळीत त्याहून बरा उपाय म्हणजे हार्नेसला हातभर पट्टी बांधून सॅक आपल्या पायांखाली लटकती ठेवणं. आणि सगळं पाणी एका भांड्यात नको. नळीनं प्यायची तीन लिटरची रबरी पिशवी चालताना सोयीची, घळीत भिंतीला दबून फुटली तर सगळं गेलं. एक-एक लिटरच्या बाटल्या घ्याव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्याच्या अंगावर असावी.

रंग भडक घ्या, केशरी किंवा पिवळा. खाली पडलेली सॅक झुडपात दिसते, अडकलेल्या माणसाला शोधणाऱ्यांनाही दिसते, आणि काळ्या रंगापेक्षा आतलं पाणी कमी तापतं. पावसाळ्यात तिला माळ्यावर घडी घालून टाकू नका. आतून जो पाणी अडवणारा लेप असतो तो दमटपणात चिकट होतो आणि पापुद्रे धरून सुटतो. धुऊन, सावलीत वाळवून, तोंड उघडं ठेवून खुंटीला टांगावी. भाच्याची नवी सॅक सध्या आमच्या ओसरीत तशीच टांगलेली आहे. वरच्या फासाला मोच्यानं मारलेली दुहेरी टीप लाल दोऱ्याची आहे, कारण त्या दिवशी त्याच्याकडे दुसरा रंग नव्हता.