गाजलेली गाणी का आवडतात? प्रश्न बरोबर, नमुना चूक



पौडहून पुण्याला येताना, भूगावच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की मी हमखास एक संग्रह लावते: ‘द मामाज अँड द पापाज’ची गाजलेली गाणी. हा १९६५ ते ६८ या काळातला अमेरिकन फोक-रॉक ग्रुप. दोन पुरुष, दोन बायका आणि चार आवाजांची सुरेख गुंफण. साठ वर्षांपूर्वीची ही परकी गाणी मुळशीत वाढलेल्या मुलीला का आवडावीत? मला वाटलं, हाच आपला पीएचडीचा विषय!

उत्तरही तयार होतं. ‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’मध्ये एक आवाज पुढे जातो, बाकीचे मागून त्याला साथ देतात. आपल्याकडे जात्यावर दोघी बसल्या की एक ओवी सुरू करते, दुसरी ती उचलून धरते. म्हणून आपल्या कानाला ते ओळखीचं वाटतं, असा माझा दावा. गाइड मॅडमनी आराखडा वाचला आणि एवढंच विचारलं, “यांचं न चाललेलं एखादं गाणं ऐकलंस का गं?”

नव्हतं ऐकलं.

चूक नेमकी कुठे?

अशा संग्रहातली गाणी आधीच चाळणीतून आलेली असतात. फक्त टिकलेल्यांकडे बघून यशाचं कारण सांगणं, याला सर्व्हायवरशिप बायस म्हणतात. आता हे बघा. ‘गो व्हेअर यू वॉना गो’ हे याच ग्रुपचं १९६५चं सिंगल. गळे तेच, गुंफण तीच, निर्माताही तोच, लू अ‍ॅडलर. तरी ते अमेरिकेच्या पहिल्या शंभरात आलं नाही. त्यानंतरचं ‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’ १९६६मध्ये चौथ्या क्रमांकावर गेलं, ‘मंडे, मंडे’ तर थेट पहिल्या. खरी गंमत पुढे आहे. १९६७मध्ये ‘द फिफ्थ डायमेन्शन’ या दुसऱ्या ग्रुपने तेच न चाललेलं गाणं गायलं आणि ते सोळाव्या क्रमांकापर्यंत पोचलं!

म्हणजे आवाजांची गुंफण हे एक कारण असेलही, पण तेवढ्याने भागत नाही. कंपनीने कुठल्या गाण्यामागे जोर लावला, रेडिओने काय वाजवलं, हेही धरावं लागतं. आणि हे मला न चाललेल्या गाण्यामुळेच कळलं.

मुळशीतलं उलटं उदाहरण

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. मुळशीतल्या कोळवडेसारख्या गावांतल्या बायकांच्या ओव्याही त्यात आहेत. हा संग्रह लाखाच्या वर गेला आणि २०१७पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर तो प्रसिद्ध होऊ लागला. यात ‘निवडक उत्तम’ अशी चाळणी नाही. गाणारीचं नाव, गाव, विषय यांची नोंद आहे. त्यामुळे कुठली ओवी गावोगाव फिरली आणि कुठली एकाच घरात राहिली, हे विचारता तरी येतं.

मी मात्र आजीला म्हणाले होते, “आजी, छान छान ओव्या म्हण ना.” ती म्हणाली, “छानच म्हणू व्हय? मग बाकीच्यांचं काय?” मी हसून सोडून दिलं. आजी गेली तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये तीन ओव्या होत्या. तिन्ही छान. बाकीच्या तिच्याबरोबर गेल्या.

तुमच्या आराखड्यासाठी

स्वतःला तीन प्रश्न विचारा:

१. माझा नमुना माझ्या आधी कुणी निवडलाय, आणि कशासाठी?
२. त्यातून जे गळलं, ते कुठे सापडेल?
३. मी सांगतोय ते कारण गळलेल्यांतही दिसतं का? दिसत असेल, तर ते एकटं पुरेसं नाही.

आवडीवर संशोधन जरूर करा. मी अजूनही तोच विषय करतेय, फक्त आता माझ्या यादीत न गाजलेली गाणी आधी आहेत. आणि घरात कुणी गाणारं असेल, तर या रविवारी रेकॉर्डिंग सुरू करा. निवड नंतर करता येते.