रिलाची सात सरोवरे

बल्गेरियाची राजधानी सोफिया. तेथून दक्षिणेस रिला पर्वतात हिमनदीने कोरलेल्या खळग्यांत सात सरोवरे पायऱ्यांसारखी वसली आहेत. सर्वांत वरचे सुमारे २५३५ मीटर उंचीवर, सर्वांत खालचे २०९५ वर. वरचे पाणी ओढ्यांवाटे खालच्यात येते. नितळ पाण्याचे ते ‘अश्रू’, त्याखालचा लंबवर्तुळाकार ‘डोळा’ (खोली ३७.५ मीटर), मग ‘मूत्रपिंड’. हे नाव देणारा कवी खचितच नसावा! पुढे जुळे, त्रिदल, मत्स्य आणि खालचे. परंतु काठावर उभे राहून यांतला एकही आकार कळत नाही. त्यासाठी वरच्या कड्यापर्यंत चढावे लागते, आणि खाजगी वाटाड्याचा खरा उपयोग तेथेच. सोफियाहून सकाळी मोटारीने निघावे, खुर्चीच्या पाळण्याने पहिला चढ वाचवावा, पुढे काही तास पायपीट. मोठ्या तुकडीबरोबर गेल्यास पाय सर्वांच्या घड्याळाने चालतात. आपला वाटाड्या मात्र धुके विरेपर्यंत अर्धा तास थांबू शकतो. तेच धुके दाट होऊ लागले, की ‘आता मागे फिरा’ असे सांगणाराही तोच. पैसे आपण मोजले असले, तरी तेव्हा त्याचेच ऐकावे. पाण्यात उतरण्यास तेथे मनाई आहे.