सबवूफर ऑनलाइन मिळतो, सेटिंग मिळत नाही

कार ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचं म्हणून माझ्याकडे येणारी मुलं पहिला प्रश्न एकच विचारतात, "सर, कुठल्या कंपनीचा सबवूफर ठेवू?" अरे, माल तर ऑनलाइन मिळतोच, कधीकधी तुमच्या खरेदीपेक्षा स्वस्त. गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून मोबाईलवर भाव दाखवतं. मग तुमच्याकडे विकायला काय उरलं? फिटिंग आणि सेटिंग. फिटिंग सोलापुरात बरेच जण करतात. सेटिंग म्हणजे मात्र बास फुल्ल, ट्रेबल फुल्ल, दारं थरथरली की पैसे द्या. दोन महिन्यांनी स्पीकर जळाला की नाव दुकानाचंच खराब होतं.

सुरुवात सगळं शून्यावर आणण्यापासून करा. इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, बास बूस्ट बंद. गाणं ब्लूटूथवरून वाजणार असेल तर फोनचा आवाज पूर्ण ठेवा.

आता गेन. ॲम्पवरचं हे बटण आवाज वाढवायला दिलेलं नाही, हे आधी डोक्यात बसवा. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि ॲम्प यांचा मेळ घालायला ते आहे. ते गरजेपेक्षा जास्त फिरवलं की ॲम्पची ताकद संपते आणि आवाजाच्या लाटेचं वरचं टोक कापलं जातं. यालाच क्लिपिंग म्हणतात. त्यात स्पीकरची कॉइल तापते आणि शेवटी जळते. कानाला ते "जरा फाटल्यासारखं" वाटतं, पण बासमध्ये पटकन कळत नाही. म्हणून कानाच्या भरवशावर न राहता साधा मल्टिमीटर घ्या.

सबवूफरची वायर काढून ठेवा. स्टिरिओचा आवाज पाऊण भाग ठेवा आणि 50 हर्ट्झचा, 0 डीबी पातळीचा टेस्ट टोन लावा. घरातली वीजही 50 हर्ट्झचीच असते, त्यामुळे साधा मीटर हा टोन नीट मोजतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला लावा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. म्हणजे 100 वॅट आणि 4 ओहम असेल तर 400 चं वर्गमूळ, 20 व्होल्ट. मीटरवर 20 दिसले की हात काढायचा. इथे वॅट म्हणजे आरएमएस, आणि ॲम्प व स्पीकर यांतला जो आकडा कमी असेल तो. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला 'मॅक्स' आकडा विसरून जा!

क्रॉसओव्हर 80 हर्ट्झपासून सुरू करा. दाराच्या स्पीकरला हाय पास, डिकीतल्या सबला लो पास. दारातल्या छोट्या स्पीकरवरचं खोल बासचं ओझं गेलं की गायकाचा आवाज लगेच मोकळा होतो. गिऱ्हाईक इथेच खूश होतं.

स्टिरिओत टाइम अलाइनमेंट असेल तर वापराच. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून उजव्या स्पीकरचा आवाज त्याच्याकडे आधी पोचतो. एका मिलिसेकंदात आवाज साधारण 34 सेंटिमीटर जातो. टेपने दोन्ही अंतरं मोजा. फरक 68 सेंटिमीटर निघाला तर उजव्याला 2 मिलिसेकंद उशीर द्या. गायक डॅशबोर्डच्या मधोमध उभा राहिल्यासारखा वाटेल. (फक्त ड्रायव्हरला, हे आधीच सांगून ठेवा.)

ॲक्सिलरेटर दाबल्यावर 'सुईंऽऽ' असा आवाज वाढत गेला तर अर्थिंग तपासा. पॉवर केबल आणि सिग्नलची केबल गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्या. आणि सोलापूरच्या मे महिन्यात सीटखाली कार्पेटने झाकलेला ॲम्प तापून प्रोटेक्टमध्ये जाणारच, त्याला हवा ठेवा.

तपासायला गिऱ्हाईक 'झिंगाट'च मागणार. करमाळ्याच्या नागराज मंजुळेंचा सिनेमा आहे, आपल्या जिल्ह्याचा मान आहे, वाजवा. पण सेटिंग ठरवायला 'सैराट'मधलंच 'याड लागलं' घ्या. त्यातली व्हायोलिनं वेगळी ऐकू येतात का ते बघा. काचा बंद, इंजिन आणि एसी चालू ठेवूनच ऐका. डिकी उघडून रस्त्यावर दणका नको. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबल आहे. शेजारी वैतागले तर दुकान चालवणं अवघड होतं.

बिलात 'ट्यूनिंग' ही ओळ वेगळी लिहा, रक्कम वेगळी लावा. "साहेब, यात एक तास जातो" असं स्पष्ट सांगा आणि गिऱ्हाइकाला शेजारी बसवून आधीचा-नंतरचा आवाज ऐकवा. मग गेनच्या बटणावर मार्करने खूण करा आणि स्क्रीनचा फोटो त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. पुतण्याने सगळं फुल्ल केलं, तर तो फोटो बघून परत जागेवर आणता येतं.