त्याच्या जागी दुसरेच गायले!

मैत्रिणींनो, घरातला कर्ता पुरुष रात्री पिऊन आला की सकाळी त्याच्या कचेरीत “अंगात ताप आहे” असा निरोप कोण धाडतं? आपणच ना! म्हणून आज एका तबकडीची गोष्ट सांगते. घडली दूर अमेरिकेत, पण तुम्हांला ती शेजारच्या घरातली वाटेल.

क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश हा तिघा गायकांचा संच. लोकगीतांच्या वळणाच्या चाली आणि रॉकचा ठेका, म्हणजे फोक-रॉक, ही त्यांची खासियत. १९६९ साली त्यांची पहिली तबकडी आली. तिघांचे सूर अगदी दुधात साखर विरघळावी तसे! पण पुढे डेव्हिड क्रॉस्बी कोकेनच्या आहारी गेला. मित्रांनी समजावून इस्पितळात पाठवलं, तर तो तिथून निघून आला.

मग नॅश आणि स्टिल्स यांनी ‘डेलाइट अगेन’ ही तबकडी दोघांतच करायला घेतली. क्रॉस्बीच्या जागी आर्ट गारफंकेल, टिमथी श्मिट असे दुसरे गायक गायले. पण कंपनीला तिघांचं नाव हवं होतं. शेवटी क्रॉस्बीलाही बोलावलं, आणि १९८२ साली तबकडी तिघांच्या नावाने निघाली. खपलीही भरपूर. वरवर सारं कसं छान!

उणीव झाकली गेली, व्यसन मात्र वाढतच राहिलं. त्याच वर्षी टेक्सासमध्ये कोकेन आणि पिस्तूल यांसह त्याला अटक झाली. कोर्टाने उपचारांची संधी दिली, तिथूनही स्वारी पळाली. अखेर १९८६ साली तुरुंगात दिवस काढताना व्यसन सुटलं.

नील यंग हा या संचाचा चौथा, अधूनमधून येणारा साथी. त्याने आधीच बोली केली होती, “तू यातून बाहेर ये, मग आपण चौघं मिळून तबकडी करू.” नुसत्या बोलीने व्यसन सुटलं असं मी म्हणणार नाही. पण बाहेर आलेल्या माणसाची कुणीतरी वाट पाहत होतं, हे काय थोडं झालं? यंगने शब्द पाळला. १९८८ साली ‘अमेरिकन ड्रीम’ निघाली. समीक्षकांनी नावं ठेवली. ठेवोत बापडे! माणूस तर परत मिळाला. त्याची सखी जॅन, तीही याच व्यसनात बुडालेली. तीसुद्धा सावरली आणि १९८७ साली दोघांनी लग्न केलं. पुढे १९९४ साली त्याला यकृत बदलावं लागलं, पण २०२३ पर्यंत, म्हणजे ८१ वर्षं तो जगला.

तर बायांनो, व्यसन हा आजार आहे. आजारी माणसाला टाकू नका, डॉक्टरांकडे न्या, बरा झाल्यावर त्याची जागा त्याला द्या. पण तोवर त्याचं गाणं तुम्ही गाऊ नका. तो ‘तापाचा’ निरोप त्याचा त्यालाच धाडू द्या!