लाल 'एल'

शहपुऱ्यात सकाळचे साडेसात. मटारचा हंगाम ऐन भरात आहे, आणि त्याच्याबरोबर धुकंही. ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी रस्त्याच्या कडेला उभी. पुढेमागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल'. भाची स्टिअरिंगवर. डावीकडे उस्ताद, त्यांच्या पायाशी वेगळा क्लच, वेगळा ब्रेक. मी मागे.

"मामा, बेल्ट," भाची आरशातूनच बजावते. मागच्या बेल्टची खिट्टी सीटकव्हरखाली गाडली गेली आहे. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत ती तिथेच सापडते. ४ सप्टेंबर २०२२ला पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते, बेल्ट न लावता. आठवडाभर सगळ्यांनी त्यावर बोलून घेतलं आणि कव्हरं पुन्हा ताणून बसवली. उस्ताद हात घालून खिट्टी वर ओढतात. 'टक्' ऐकू आल्यावरच समोर वळतात.

भाची किल्लीला हात घालते.

"चाबी नहीं. पहले बताओ, क्या दिख रहा है."

"टँकर." भिटौनीच्या तेल डेपोचे टँकर इथे दिवसभर दिसतात.

"टँकर के पीछे?"

"काही नाही."

टँकर पुढे सरकतो आणि त्याच्या आडून मोटरसायकल निघते. मागे दुधाच्या बरण्या, मफलर डोळ्यांपर्यंत. उस्ताद काही बोलत नाहीत. भाची ओठ चावते. मग कडेच्या ट्रॅक्टरकडे बोट जातं. ट्रॉलीत मटारची पोती, मागे ना दिवा ना लाल पट्टी. "ये चलेगा कि नहीं?" ती इंडिकेटर शोधू लागते. उस्ताद हसतात. इंडिकेटर नव्हे, पुढची चाकं बघ. ती वळलेली असली, सायलेन्सरमधून धूर येत असला, ड्रायव्हरची मान उजवीकडे फिरली, की तो निघाला समज. हात दाखवला तर उपकार मानायचे.

नियमावलीनुसार ड्रायव्हिंग स्कूलने चारचाकीसाठी किमान २१ दिवसांचं शिक्षण द्यायचं, त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं दहा तास तरी. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. दहा तासांत हातपाय तयार होतात, पण नजर? बहुतेक ठिकाणी क्लच, गिअर आणि पार्किंग जमलं की शिक्षण संपतं. हे उस्ताद मला म्हणूनच आवडतात: बंद गाडीतही ते फी वसूल होईल इतकं शिकवतात.

आता गाडी चालू. हाफ क्लचवर एक आचका, मग सरळ. भोपाळ रस्त्याला लागल्यावर समोर एक ट्रक. त्याचं मागचं चाक विजेच्या खांबाला भिडतं आणि उस्ताद मोजायला लावतात: "एक हजार एक, एक हजार दो..." तीनच्या आत आपण खांबाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. ती दोनलाच पोचते. पाय ॲक्सिलरेटरवरून निघतो. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. ब्रेक दाबायचा हे मनात येईपर्यंतच एवढा रस्ता मागे पडतो. आज धुकं आहे, म्हणून मोजणी सहापर्यंत.

समोरून एक जीप येते, दिवे वर, शिवाय चारही इंडिकेटर लुकलुकताहेत. धुक्यात हा थाट सगळीकडे बघायला मिळतो. वरचे दिवे धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांवर येतात. आणि चारही इंडिकेटर चालू असले की गाडी वळणार कुठे, हे कोणालाच कळत नाही. भाची आपले दिवे खालीच ठेवते, नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर.

पुढे सहजपूरच्या मंडीकडे जाणारी ट्रॉली डावीकडे थांबलेली. भाचीचा पाय आधीच ब्रेकवर. "चक्का मुड़ा है," ती पुटपुटते. ट्रॉली खरंच आडवी येते, कसलीही खूण न करता. गाडी आरामात थांबते. मी उस्तादांच्या पायाकडे बघतो: तो त्यांच्या ब्रेकवर अलगद टेकलेला, दाबलेला नाही.

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजतो. भाचीची मान वळते.

"बजने दो."

फोन वाजून थांबतो, पुन्हा वाजतो. मोकळी जागा बघून ती इंडिकेटर देते, आरसा बघते, खांद्यावरून मागे बघते, गाडी कडेला घेऊन बंद करते आणि मगच फोन उचलते. ताई आहे. धाकट्याला दूध आणायला स्कूटर देऊ का, कोपऱ्यावरच जायचंय. धाकटा सोळा वर्षांचा.

"आई, पंचवीस हजार दंड आहे. शिवाय तीन वर्षांपर्यंत कैद. त्याला नाही, तुला आणि बाबांना."

पलीकडे क्षणभर काही नाही. मग ताईचा आवाज मला मागच्या सीटवरही ऐकू येतो: "मामाला दे फोन. तो तरी समजूतदार आहे."

मी फोन घेतो आणि स्कूटरची किल्ली कपाटात ठेवायला सांगतो. ताई फोन आपटते.

"चलो," उस्ताद म्हणतात, "अब यू-टर्न."