मक्याच्या पोत्यापासून पाणलोटापर्यंत

1900 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून 'क्विटो' नावाचं जहाज मुंबईकडे निघालं. त्यात दोन लाख बुशेल मका भरलेला होता. 'ख्रिश्चन हेरल्ड' या अमेरिकी साप्ताहिकाने वाचकांना हाक दिली आणि त्या हाकेला मिळालेलं हे उत्तर होतं. इकडे 1899 चा पाऊस पूर्ण हुकला होता. गुजरात, खानदेश आणि नगरपासून सोलापूरपर्यंतचा सगळा दख्खन करपून गेला होता. सरकारी कामांवर माणसं खडी फोडत होती, जनावरं दावणीलाच मरत होती.

वाटपासाठी मुंबईत वेगवेगळ्या पंथांच्या मिशनऱ्यांची समिती बसली. तिचं कामकाज सांभाळत होते नगरचे रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम. पण कोणत्या गावात, कोणत्या वस्तीत, कोणत्या घरी चूल पेटलेली नाही, हे न्यूयॉर्कच्या संपादकाला कळणं शक्य नव्हतं आणि मुंबईच्या समितीलाही नाही. ते माहीत होतं गावच्या मिशन शाळेतल्या मास्तराला आणि मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, पाळकाला. ह्यूमना या दुष्काळातल्या कामाबद्दल कैसर-ई-हिंद सुवर्णपदक मिळालं. त्या मास्तरांची आणि पाळकांची नावं मात्र फारशी कुणाला ठाऊक नाहीत, आणि या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मदतकार्याचा मागोवा घेताना नजर सहसा साहेबांवर खिळते, कारण कागदपत्रं त्यांची आणि छायाचित्रंही त्यांचीच. कामाचा भार पेलला तो स्थानिक मंडळ्यांनी. जिथे मंडळी घट्ट रुजलेली होती तिथे मदत टिकली. जिथे ती विरळ होती तिथे मदत आली आणि ओसरली. सव्वाशे वर्षांतल्या प्रसंगांमधून ही गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते.

नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं. 1854 मध्येच हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा देशी पाळकांची दीक्षा झाली, म्हणजे मंडळ्या मराठी माणसांच्या हाती सोपवण्याची सुरुवात लवकर झाली होती. पुढे नेवासे, राहुरी, शेवगाव या भागांत महारवाड्या-मांगवाड्यांतून शाळा निघाल्या. शाळेचा मास्तर तोच रविवारी उपदेशक. त्याचं घर वस्तीतच. दुष्काळ आला की तो त्याच्या घरातही येई. देणारा आणि घेणारा एकाच आळीत राहत असल्यामुळे याद्या खोट्या करणं अवघड होतं, आणि मदत मागायला येणाऱ्याला फार वाकावंही लागत नव्हतं.

याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. 1876-78 च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात बाप्तिस्मे झपाट्याने वाढले. त्याच सुमारास जर्मन जेझुइट फादर ओटो वाइसहाउप्ट केंदळ-वळण भागात आले आणि तिथे कॅथलिक गावं उभी राहिली. भुकेने माणसं ख्रिस्ती झाली, हा आरोप तेव्हापासून आजतागायत होत आला आहे. भूक हे एक कारण होतंच, ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण धान्य संपल्यावरही ही कुटुंबं मंडळीत राहिली. कारण ज्या वस्तीतल्या मुलांना गावच्या शाळेच्या ओट्यावर बसू दिलं जात नव्हतं, त्यांना इथे पाटी-पेन्सिल मिळाली. दुष्काळाने दार उघडलं असेल. माणसं आत थांबली ती शाळेमुळे आणि मानामुळे.

पंडिता रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून समजून घ्यावा लागला नव्हता. 1874 च्या सुमारास दक्षिणेत भटकत असताना त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि पाठोपाठ बहीण उपासमारीने गेली होती. म्हणूनच 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या. छावण्यांमधल्या निराधार मुलींची आणि विधवांची अवस्था पाहून त्यांना घेऊन पुण्याकडे परतल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते, सरकारी निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळरानावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तीच मुक्ती मिशनची सुरुवात. 1899-1900 मध्ये गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या. 1900 पर्यंत तिथे दीड हजारांच्या घरात माणसं राहत होती.

पण रमाबाई नुसतं जेवू घालून थांबल्या नाहीत. विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, दूधदुभतं, विणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना सुरू झाला. दुष्काळातून आलेल्या बायका खिळे जुळवायला शिकल्या, आणि रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेल्या मराठी बायबलची छपाई याच हातांनी केली. पैसा परदेशातून येत होता, यात शंका नाही. पण रोजचा कारभार, शिकवणं, आजाऱ्यांची शुश्रूषा आणि नव्याने आलेल्या मुलींना सांभाळणं हे सगळं जुन्या मुली करत. आलेल्या माणसाला वर्ष-दोन वर्षांत मदत करणारा बनवायचं, ही रमाबाईंची रीत त्या काळच्या कोणत्याही दुष्काळ समितीपेक्षा पुढची होती.

नगरच्या मिशननेही तोच धडा घेतला. अनाथ मुलांसाठी सुतारकाम, धातुकाम, गालिचे विणणं शिकवलं जाऊ लागलं. डेव्हिड चर्चिल हा अमेरिकी अभियंता 1901 मध्ये नगरला आला आणि त्याने वेगाने चालणारा सुधारित हातमाग तयार केला.

पुढची काही दशकं भरभर ओलांडायला हरकत नाही. प्लेगच्या साथी आल्या, महायुद्धं झाली. मिशनची तिजोरी आटत गेली आणि मंडळ्या स्वावलंबी होत गेल्या. 1947 मध्ये फाळणीच्या निर्वासितांसाठी प्रोटेस्टंट मंडळ्यांनी एकत्र येऊन जे मदतकार्य केलं, त्यातून आजची 'कासा' ही संस्था वाढली. कॅथलिक बिशपांनी 1962 मध्ये कॅरिटास इंडिया स्थापन केली. 1966 मध्ये दोन्ही पंथांनी मिळून शेती आणि पाण्यासाठी 'अफ्प्रो' उभी केली, आणि लगेच बिहारच्या दुष्काळात तिला कामाला लागावं लागलं. या संस्थांच्या नियमांत एक गोष्ट ठळक होती: मदत जात-धर्म न पाहता. एकोणिसाव्या शतकातल्या आरोपांना दिलेलं हे उत्तर होतं, आणि ते आतूनच आलं होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ. आजही नगर, बीड, सोलापूरकडच्या म्हाताऱ्या माणसांना लाल मिलो ज्वारी आणि सुकडी म्हटलं की तोंडात ती चव येते. सरकारने लाखो माणसांना कामावर घेतलं आणि पुढे त्यातून रोजगार हमी योजना आली. चर्चच्या संस्थाही गहू, तेल आणि दूध पावडर कामाच्या मोबदल्यात देत होत्या. पण त्या वर्षांतलं खरं शोधकाम पाण्याचं होतं. काळ्या कातळात बोअर घेतली तरी ओतीव लोखंडाचे हातपंप महिना-दोन महिन्यांत मोडत. जालन्याच्या स्कॉटिश मिशनच्या मंडळींनी स्वतःचा भक्कम पंप बनवला. सोलापुरातही तसाच एक पंप तयार झाला, आणि तो घडवणारा कारागीर कुठल्या महाविद्यालयात शिकलेला नव्हता. 'सोलापूर पंप' हाच पुढे युनिसेफ आणि भारत सरकारने विकसित केलेल्या 'इंडिया मार्क टू'चा पाया ठरला. आज आफ्रिकेतल्या गावांतसुद्धा तो पंप दिसतो, पण त्याच्या मुळाशी जालना आणि सोलापूर आहे हे महाराष्ट्राला फारसं माहीत नाही. खरं तर शाळेच्या पुस्तकात यावी अशी ही गोष्ट आहे.

नगरमध्येच फादर हरमन बाखर हे स्विस जेझुइट होते. 1948 मध्ये ते भारतात आले आणि पुढे नगरच्या सोशल सेंटर या संस्थेतून त्यांनी विहिरींना कर्ज आणि पंप मिळवून दिले. काही वर्षांतच त्यांच्या लक्षात आलं की विहिरी वाढल्या तशी पाण्याची पातळी खाली जाते आहे. पाणी उपसण्याआधी ते मुरवायला हवं. त्यातून पाणलोट विकासाचा इंडो-जर्मन कार्यक्रम आणि 1993 मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह 'वॉटर' ही संस्था उभी राहिली. ही संस्था धर्मनिरपेक्ष आहे आणि तिच्या गावांत ख्रिस्ती कुटुंबं असतीलच असं नाही. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत 1996 पासून काम झालं. समतल चर, बांध, झाडं, चराईबंदी. पूर्वी वर्षातले तीन-चार महिने मिळणारं शेतीकाम नऊ-दहा महिन्यांवर गेलं आणि टँकर बंद झाला. चराईबंदीचा भार मेंढपाळ कुटुंबांवर जास्त पडला आणि त्यावरून गावात तंटेही झाले. हे सांगितल्याशिवाय दरेवाडीचं कौतुक पुरं होत नाही.

त्याच 1993 मध्ये, 30 सप्टेंबरच्या पहाटे 3.56 ला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर झोपलेली किल्लारी आणि आसपासची गावं भूकंपात दगड-मातीच्या भिंतींखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसं गेली. कासा, कॅरिटास आणि इतर ख्रिस्ती संस्था तिथे धावल्या, अन्न-पांघरुणं वाटली, घरं बांधली. पण लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात नगरसारख्या जुन्या मंडळ्या नव्हत्या. मदत बाहेरून आली आणि बाहेरच्या नकाशांप्रमाणे उभी राहिली. सरळ रेषेतल्या गल्ल्या, सारखी घरं. वाड्यांच्या चौकात उठबस करणाऱ्या कुटुंबांना त्यात रुळायला वेळ लागला. ही कमतरता फक्त ख्रिस्ती संस्थांची नव्हती, जवळजवळ सगळ्याच देणगीदारांची होती. दुरुस्तीचं काम जिथे गावातल्या बायकांकडे आलं, तिथे घरं लोकांची झाली. त्या बायका कुठल्या चर्चच्या नव्हत्या, पण त्यांचं काम तेच होतं जे नगरच्या मास्तरांनी 1900 मध्ये केलं होतं: कोणाला काय हवं आहे ते दारात जाऊन विचारणं.

बहात्तर साली सुकडीची पातेली उचलणारी, विहिरीवर याद्या लिहिणारी तरुण मुलं आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. नगर, सोलापूर, जालना, केडगावच्या मंडळ्यांमध्ये बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या, जमाखर्चाची पानं, शाळांचे हजेरीपट पडून आहेत. त्यांना वाळवी लागण्याआधी आणि ती माणसं जाण्याआधी तरुण अभ्यासकांनी, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत, वही-रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे जायला हवं.