सुरतेहून भावनगर किती दूर?

नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले अंतर आणि प्रवाशाला प्रत्यक्ष कापावे लागणारे अंतर यांत नेहमीच थोडीफार तफावत असते. ती किती वाढू शकते, हे पाहावयाचे असेल तर सुरतेचे उदाहरण घ्यावे.

प्रथम मुंबईकडची वाट पाहू. मुंबई व सुरत ही दोन्ही शहरे ७२ अंश ५० कला या रेखावृत्ताच्या आसपास, जवळजवळ एकाखाली एक वसलेली आहेत. अक्षांशांतील फरक सव्वादोन अंशांचा. एका अंशाचे सुमारे १११ किलोमीटर धरले म्हणजे सरळ अंतर २५० किलोमीटर भरते. मुंबई सेंट्रल ते सुरत हा लोहमार्ग २६३ किलोमीटरांचा आहे. येथे आगगाडीही जवळपास पक्ष्याच्याच वाटेने जाते, असे म्हणावयास हरकत नाही.

भावनगर तर सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आतच आहे. परंतु मध्ये खंबायतचे आखात आडवे येते. भरूच, वडोदरा मागे टाकून, आखाताच्या वरच्या टोकास वळसा घालून जावयाचे म्हणजे सुमारे साडेतीनशे किलोमीटरांची मजल होते. हिऱ्यांना पैलू पाडणारी भावनगर-अमरेलीकडील असंख्य कुटुंबे सुरतेच्या वराछा भागात राहतात. दिवाळीस कारखाने बंद झाले की ती गावी निघतात, आणि मोजक्या सुटीतील वेळ या वळशात खर्ची पडतो. गावी वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, तर हेच किलोमीटर किती जड होत असतील!

मग विमान? ताशी तीनशे किलोमीटर वेगाच्या लहान विमानास गणिताने वीस मिनिटे पुरावीत. परंतु धावपट्टीपर्यंत सरकणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग आवरणे, हा वरखर्च प्रत्येक उड्डाणास असतोच. म्हणून अर्धा तास धरावा. अंतर जितके थोडे, तितका हा वरखर्च भारी. शिवाय वराछाहून शहर ओलांडून विमानतळ गाठणे आणि तेथे आधी जाऊन थांबणे वेगळेच. दिवाळीची बोचकी तर लहान विमानात मावावयाची नाहीत.

राहिला समुद्र. या आखाताइतकी मोठी भरती-ओहोटी भारतात अन्यत्र नाही. कित्येक ठिकाणी पाणी दहा मीटरांपर्यंत चढते-उतरते, आणि गाळही तसाच साचतो. २२ ऑक्टोबर २०१७ रोजी घोघा-दहेज अशी जहाजसेवा सुरू झाली. परंतु दहेजच्या गाळाने तिला टिकू दिले नाही. पुढे ८ नोव्हेंबर २०२० रोजी भावनगरजवळील घोघा आणि तापीच्या मुखाजवळील हजिरा यांच्यामध्ये जहाज सुरू झाले. रस्त्याचे ३७० किलोमीटर समुद्रावर ९० झाले, आणि मालमोटारींचे दहा-बारा तास सुमारे चारांवर आले. विमानाच्या तुलनेत हा वेळ आठपट खरा. पण जहाजात मोटारसायकल चढते, मालमोटार चढते, आणि बोचक्यांनाही जागा मिळते.